उचल घेतली, कोयता लागला, टोळी बांधली : इंग्रजीत कोणतं क्रियापद?

बालाघाटची_लेखणी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांच्या मुलाखती मराठीतून इंग्रजीत करायचं काम सध्या हातात आहे. केज, धारूर, वडवणीकडची माणसं. त्यांचं बोलणं समजायला अडचण नाही, मी त्याच भागातली. गाडी अडते ती एकाच जागी : माणूस कामाला घेतला जातो ते क्रियापद.

जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत असं काहीतरी येतं. पोळ्याच्या आसपास मुकादमाकडून उचल घेतली, कोयता त्याच्याकडं लागला, टोळी बांधून झाली, दसरा-दिवाळीच्या पुढंमागं ट्रक आला. (बाहेरच्यांसाठी : मुकादम म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, उचल म्हणजे त्यानं हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम. कोयता म्हणजे हत्यार, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडीसुद्धा. एकटा माणूस आला तर अर्धा कोयता.)

पहिल्या खर्ड्यात मी सगळीकडं 'हायर्ड' लिहिलं. संपादकांनी ते खोडून 'रिक्रूटेड' केलं. दुसऱ्या फेरीत कुणीतरी त्याचं 'एनरोल्ड' केलं. एनरोल तर कॉलेजात होतात ना? मला तिन्ही पटत नाहीत, आणि 'कानाला बरं वाटत नाही' हे कारण संपादकांना पटत नाही.

शब्दकोशातले अर्थ आहेत माझ्याकडं. वापर सांगा. कोण कुणाला कधी हायर करतं, कधी एंगेज करतं, कधी नुसतं 'टेक ऑन' करतं?

जुने_मास्तर (धाराशिव)

ताई, अर्थाच्या आधी कर्ता बघा. निम्मा गुंता तिथंच सुटतो.

मराठीत नोकरी लागलेला माणूस स्वतःच कर्ता असतो. 'पोरगा एमआयडीसीत लागला', 'बँकेत चिकटला', 'शाळेवर रुजू झाला'. घेणारा कोण, हे वाक्यात येतच नाही. इंग्रजीत हायर, रिक्रूट, अपॉइंट, एम्प्लॉय ही घेणाऱ्याची क्रियापदं आहेत. लागणारा माणूस कर्ता करायचा तर कर्मणी प्रयोग करावाच लागतो : 'ही वॉज हायर्ड'. आमची पोरं बायोडेटात 'आय हायर्ड इन सो अँड सो कंपनी' लिहितात, कारण डोक्यात 'मी लागलो' चाललेलं असतं. वाचणाऱ्या साहेबाला वाटतं, यानंच कुणाला तरी कामावर ठेवलं.

दुसरा गट एनरोल, एनलिस्ट, रजिस्टर, साइन अप यांचा. ही दोन्ही बाजूंनी चालतात. 'शी एनरोल्ड इन अ नर्सिंग कोर्स' म्हणजे तिनं नाव घातलं, आणि 'द कॉलेज एनरोल्ड हर' म्हणजे कॉलेजनं घातलं. चौघांतही मूळ क्रिया नाव लिहिण्याची. रोल म्हणजे नावांची गुंडाळी, लिस्ट म्हणजे यादी, साइन म्हणजे सही. नाव मी लिहिलं काय अन् तुम्ही लिहिलं काय, ते कागदावर चढलं. त्यामुळे तुमच्या संपादकांचं 'एनरोल्ड बाय द काँट्रॅक्टर' व्याकरणानं चूक नाही. पण उचलीच्या व्यवहारात यादीला काडीची किंमत नाही, किंमत नोटांना. म्हणून ते क्रियापद तिथं लंगडं पडतं.

जाता जाता : हायर ही घटना आहे, एम्प्लॉय ही अवस्था. 'दहा वर्षं नोकरीत आहे' याला 'हॅज बीन एम्प्लॉइड फॉर टेन इयर्स'. तिथं 'हायर्ड' घातलं तर दहा वर्षांच्या बोलीवर घेतला असा वास येतो.

मांजरेचं_पाणी

मास्तर, 'चिकटला'ला इंग्रजीत काय म्हणायचं?

जुने_मास्तर

'लँडेड अ जॉब' म्हणतात. पण एकदा चिकटला की रिटायर होईपर्यंत सुटत नाही, हा मुख्य अर्थ त्यात येत नाही. तो आपल्याकडंच ठेवून घ्या.

वाळूज_बी_शिफ्ट

आमच्या कारखान्याच्या गेटमधून एकाच शिफ्टला तीन-चार क्रियापदं आत येतात, म्हणून लिहितो.

कंपनीच्या रोलवरचा माणूस 'अपॉइंटेड'. त्याच्याकडं अपॉइंटमेंट लेटर असतं, कन्फर्मेशन असतं. ठेकेदाराचा माणूस 'हायर्ड थ्रू काँट्रॅक्टर'. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याची (आता तो रद्द होऊन नव्या संहितेत गेलाय) व्याख्या वाचून बघा. ठेकेदारामार्फत जो 'हायर्ड', तो आस्थापनेच्या कामावर कंत्राटी कामगार म्हणून 'एम्प्लॉइड' समजावा, अशी तिची रचना होती. दोन्ही क्रियापदं एकाच वाक्यात, आणि दोघांच्या मधे ठेकेदार उभा.

तिसरा म्हणजे आयटीआयचा अप्रेंटिस. तो ना हायर्ड, ना अपॉइंटेड. तो 'एंगेज्ड'. १९६१ चा अप्रेंटिस कायदा सगळीकडं हेच क्रियापद वापरतो, आणि त्याच कायद्याचं १८ वं कलम सांगतं की अप्रेंटिस हा शिकाऊ आहे, कामगार नाही. मशीन तेच, शिफ्ट तीच, कँटीनची लाइनही तीच. फक्त महिन्याला मिळतो तो स्टायपेंड. पोरांना हा फरक कळतो मुदत संपल्यावर, गेटपास जमा करताना. एका कारखान्यात एक पोरगं विचारत होतं, "साहेब, मला काढलं का?" उत्तर आलं, "काढायला घेतलं कुठं होतं?" कायद्यानं बोलला साहेब. पोरगं मात्र तिथंच उभं राहिलं बराच वेळ, हेल्मेट हातात धरून.

अजून एक. 'ऑन-रोल' आणि 'ऑफ-रोल' हे शब्द वाळूज-पंढरपूरच्या (एमआयडीसीजवळचं पंढरपूर, विठोबाचं नव्हे) चहाच्या टपरीवरसुद्धा चालतात. मुलगी द्यायच्या आधी विचारतात, "ऑन-रोल आहे का हो?" पगार मागाहून विचारतात. मग मास्तर, कंपनीत 'एनरोल्ड' का म्हणायचं नाही? रोल तर तोच.

जुने_मास्तर

रोल तोच, पण वहिवाट वेगळी. एनरोल होतात विद्यार्थी, मतदार, सैनिक, वकील. कामगार कंपनीत हायर होतो आणि भविष्य निर्वाह निधीत एनरोल होतो. तुमच्या एचआरचं 'ऑनबोर्ड' त्याच्याही नंतरचं : हायर झाल्यावर कागदपत्रं, बँक खातं, ओळखपत्र, सुरक्षेचं ट्रेनिंग. जहाजावर चढवण्यावरून आलेला शब्द. 'वुई ऑनबोर्डेड हिम' आणि 'वुई हायर्ड हिम' यांत बरेच लोक गल्लत करतात.

खुरपं_आणि_कीबोर्ड

आमच्या घरात या सगळ्यांना मिळून एकच क्रियापद आहे : लावणे. खुरपायला बाया लावल्या. विहिरीवर जेसीबी लावला. भावकीच्या भांडणात वकील लावला. धाकट्याला लातूरला शिकवणी लावली, मेस लावली. आणि थोरल्याला चुलत्यानं नोकरीला लावलं. आता याचं इंग्रजी करा बघू!

वकील_लातूर

@खुरपं_आणि_कीबोर्ड, करतो.

बाया लावल्या : 'टुक ऑन' किंवा 'हायर्ड सम विमेन फॉर द वीडिंग'. रोजावरच्या, हंगामी माणसांना टेक ऑन फार छान बसतं. त्यात कागद नाही, पद नाही, सकाळी आले, कामाला लागले. जेसीबी : हायर्ड, यात वाद नाही. वकील : 'एंगेज्ड' म्हणा, नाहीतर 'रिटेन्ड'. रिटेनमध्ये आधी फी देऊन वकील आपल्याकडं राखून ठेवण्याचा भाव आहे. 'हायर्ड अ लॉयर' अमेरिकेत सर्रास म्हणतात, आमच्या बाररूममध्ये मात्र जुन्या लोकांच्या कपाळावर आठी येते. शिकवणी : 'साइन्ड हिम अप फॉर ट्युशन्स'. मेस : 'जॉइन्ड अ मेस'.

चुलत्यानं नोकरीला लावलं : 'गॉट हिम अ जॉब'. यात ओळख किती आणि बाकी काय काय, ते इंग्रजीही झाकते, मराठीही झाकते.

आता माझ्या धंद्यातलं. वकील एनरोल होतो (१९६१ चा अधिवक्ता कायदा, आपण म्हणतो सनद काढली), न्यायाधीश अपॉइंट होतो, आणि पक्षकार आम्हाला एंगेज करतो. तीन क्रियापदं, एकच कोर्ट, आणि कुणीच हायर होत नाही.

वाळूजवाल्यांनी एंगेजचं सांगितलं ते सरकारी आदेशांतही पाहा. तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, मानधनावरचे कर्मचारी यांच्या आदेशात 'अपॉइंटेड' शक्यतो टाळतात आणि 'एंगेज्ड' घालतात. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने उमादेवी प्रकरणात सांगितलं की नियमित भरतीची रीत न पाळता तात्पुरते घेतलेले लोक केवळ बरीच वर्षं काम केलं म्हणून कायम होण्याचा हक्क सांगू शकत नाहीत. तेव्हापासून आदेश लिहिणारे क्रियापदाला जास्तच जपतात. अर्थात नुसत्या शब्दावर खटला जिंकता येत नाही. कामाचं स्वरूप, मंजूर पद, निवडीची पद्धत हे सगळं कोर्ट पाहतं. पण सीएचबीवर (म्हणजे तासिका तत्त्वावर) केस पांढरे झालेल्या माणसानं आदेश हातात आल्यावर आधी क्रियापद वाचावं, असं मी म्हणतो. एकानं तर पेढे वाटल्यावर वाचलं.

गोदाकाठ

'अपॉइंटेड ॲज प्रिन्सिपल' की 'अपॉइंटेड प्रिन्सिपल'?

जुने_मास्तर

दोन्ही चालतात. 'टु द पोस्ट ऑफ' म्हणायचं तर तेही चालतं. 'अपॉइंटेड फॉर द पोस्ट ऑफ' नको. आणि पद नसेल तर अपॉइंट नको. उसाच्या फडात पद कुठलं?

रंगरूट_अंबड

रिक्रूटबद्दल फौजेतलं सांगतो. माझ्या नावातला रंगरूट हा रिक्रूटचाच अपभ्रंश. आपल्याकडं 'भरती' म्हटलं की पहाटे चारला मैदानावर रांग, छातीचं माप, सोळाशे मीटर धावणं. लोक म्हणतात 'भरती झाला'. पण १९५० च्या आर्मी ॲक्टमध्ये जवानासाठी क्रियापद आहे एनरोल, अधिकाऱ्यासाठी कमिशन. रिक्रूट म्हणजे सेंटरमध्ये घाम गाळणारा नवा पोरगा. कसम परेड होईपर्यंत तो रिक्रूट, नंतर जवान. २०२२ पासूनचे अग्निवीरही एनरोलच होतात, चार वर्षांसाठी.

म्हणजे बघा, रिक्रूट करणं ही लांबलचक क्रिया आहे : जाहिरात, मेळावा, मैदान, मेडिकल, लेखी. एनरोल हा त्याच्या शेवटचा एक कागद. बाहेरच्या कंपन्यांतही 'वुई आर रिक्रूटिंग' म्हणजे शोध चालू आहे, 'वुई हायर्ड फाइव्ह' म्हणजे पाच घेऊन झाले.

खुरपं_आणि_कीबोर्ड

रिक्रूटचं मूळ आत्ता पाहिलं. फ्रेंचमधून आलंय, 'पुन्हा वाढणं' या अर्थाच्या शब्दावरून. लढाईत सैन्य छाटलं गेलं की जी नवी फूट येते ती. म्हणजे खोडवा की हो! ऊस तोडला, बुडखे राहिले, त्यातून परत फुटलं. ताई, तुमच्या संपादकांना सांगा, तोडणाऱ्यांनाच खोडवा म्हणून ठेवलंय तुम्ही.

बालाघाटची_लेखणी

😂 हे मी तळटीपेत घालणार होते, पण ते संपादक हसणाऱ्यातले नाहीत.

रंगरूटदादा, तुमचा मुद्दा फार कामाचा आहे. रिक्रूट म्हणजे शोधाशोध, हे धरलं तर मुकादम काय करतो? तो गावात फिरतो, मागच्या हंगामात कोण बरं तोडत होतं ते बघतो, कुणाच्या घरी लग्न निघालंय, कुणाचं दवाखान्यात पडलंय त्याचा अंदाज घेतो. मग पैसे देतो. यात रिक्रूटिंग आहेच. मग संपादक बरोबर म्हणायचे का?

वकील_लातूर

मुकादमाच्या बाजूनं लिहाल तर बरोबर. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यातही (आता तोही रद्द झालाय) हेच क्रियापद होतं : एका राज्यात ठेकेदारामार्फत 'रिक्रूटेड', दुसऱ्या राज्यात कामासाठी. आपली माणसं कर्नाटकात तोडीला जातात त्यांना ते क्रियापद नेमकं बसतं. पण तुमचं वाक्य मुकादमाचं नाही, बाईंचं आहे. त्यांच्या वाक्यात घडलेली गोष्ट एकच आहे, उचल.

नांदेड_ते_लीड्स

उशिरा आलो, पण हा धागा सोडवेना. इंग्लंडात बरीच वर्षं राहतोय, दोन-तीन गोष्टी भर घालतो.

एक. हायरला तुम्ही फार झोडपलंय. इथं ब्रिटिश कानाला हायर म्हणजे गाडी, हॉल, सूट, किंवा ठरावीक कामापुरता माणूस. कायम नोकरीसाठी हायर ही अमेरिकन चाल, आता इथंही रुळलीय. पण मागं गेलं तर याच यॉर्कशायरात शेतगडी वर्षाच्या बोलीवर 'हायर' होत. नोव्हेंबरात मार्टिनमासच्या सुमारास गावोगाव हायरिंग फेअर भरायचे. गडी आणि मोलकरणी बाजारात उभ्या राहायच्या, शेतकरी बोलणी करायचा, आणि सौदा पक्का झाला की हातावर एक नाणं ठेवायचा. त्याला फास्टनिंग पेनी म्हणत. नाणं घेतलं की वर्ष बांधलं. आपला पाडव्याचा सालगडी आणि त्याचा इसार, दुसरं काय? तेव्हा सालगड्याला 'हायर्ड बाय द इयर' अगदी चपखल बसतं. ते बिनधास्त लिहा.

दोन. मुकादमाला इथं शब्द आहे : गँगमास्टर. टोळी म्हणजे गँग, तिचा धनी. शेतमजुरांच्या टोळ्यांसाठी हा शब्द इथं दीडशे वर्षांहून जुना. २००४ च्या फेब्रुवारीत मोरकम बेच्या किनाऱ्यावर कॉकल नावाचे शिंपले वेचणारे किमान २१ चिनी मजूर भरतीच्या पाण्यात बुडून गेले. (समुद्राच्या भरतीत. या धाग्यात हे सांगावं लागतं.) त्यांना रात्रीच्या अंधारात वाळूवर नेणारा गँगमास्टर होता. त्याच वर्षी गँगमास्टर्स लायसन्सिंग कायदा झाला. शेती आणि शिंपले वेचण्यासाठी माणसं पुरवायची तर परवाना हवाच. म्हणून 'काँट्रॅक्टर' लिहू नका. काँट्रॅक्टर म्हटलं की वाचकाला रस्ते बांधणारा दिसतो.

तीन, आणि हे मला सगळ्यात जास्त आवडतं. इंग्रज नौदल पूर्वी बंदरातून माणसं जबरदस्तीनं उचलून न्यायचं, त्या टोळ्यांना प्रेस गँग म्हणत. सगळ्यांना वाटतं प्रेस म्हणजे दाबणे. पण मुळात तो शब्द 'प्रेस्ट', म्हणजे आगाऊ दिलेले पैसे. माणसाला आगाऊ रक्कम द्यायची, ती घेतली की तो राजाचा बांधील. पुढं पुढं पैसा नावाला उरला आणि जबरदस्ती तेवढी राहिली, तसा शब्दही 'दाबणे'कडं सरकला. लष्करातही तेच : रंगरूटानं किंग्ज शिलिंग हातात घेतला की तो भरती झाला. दारूच्या पेल्यात शिलिंग टाकून लोकांना फसवायचे अशा दंतकथा इथं अजून सांगतात.

म्हणजे उचल देऊन माणूस बांधायचा आणि त्यालाच भरती म्हणायचं, हे इंग्रजीला मुळीच नवं नाही. फक्त आजच्या एचआरच्या इंग्रजीत त्याला क्रियापद उरलेलं नाही.

जुने_मास्तर

वा! आणि त्याच प्रेस्टचा भाऊ आमच्या कार्यालयात जन्मभर कपाटात होता. 'इंप्रेस्ट'. किरकोळ खर्चासाठी आगाऊ ठेवलेली रक्कम, मराठीत स्थायी अग्रिम. टपाल, झाडू, पाहुण्यांचा चहा सगळं त्यातून. हिशेब देताना घाम फुटायचा, पण नौदलात जावं लागलं नाही.

एंगेजही तिथलंच बघा. त्यातला गेज म्हणजे तारण, गहाण. एंगेज म्हणजे तारण ठेवून शब्दात अडकणे. साखरपुड्यालाही तेच. आता मात्र तो इतका सभ्य झालाय की अप्रेंटिसच्या वाट्याला आला.

वाळूज_बी_शिफ्ट

लीड्सवाले भाऊ, 'साइन ऑन' आणि 'साइन अप' एकच का? एका पोरानं मेलमध्ये 'आय हॅव साइन्ड ऑन' लिहिलंय.

नांदेड_ते_लीड्स

जहाजावर खलाशी म्हणून सही केली असेल तर ठीक. इथं मात्र 'ही इज साइनिंग ऑन' म्हणजे नोकरी नाही, बेकारभत्त्यासाठी नाव नोंदवलंय. नेमका उलटा अर्थ. साइन अप लिहायला सांगा, तेही कोर्स किंवा योजनेसाठी. नोकरीची बातमी द्यायची तर 'आय हॅव ॲक्सेप्टेड द ऑफर'.

गोदाकाठ

नाव नोंदवण्यावरून आठवलं, आपल्याकडं 'मस्टर' (हजेरीपट) आहे की. बहात्तरच्या दुष्काळातले लोक अजून सांगतात, 'तळ्याच्या कामावर मस्टरला नाव लागलं'. रोजगार हमी तेव्हाची. राज्याचा कायदा १९७७ चा, आणि केंद्रानं २००५ मध्ये त्याच वाटेनं कायदा केला, ज्याला पुढं मनरेगा नाव पडलं. गंमत अशी की या योजनेच्या इंग्रजीत मजुराला कुणी हायरही करत नाही, रिक्रूटही करत नाही. कुटुंब 'रजिस्टर' होतं, मजूर काम 'डिमांड' करतो, आणि १५ दिवसांत काम दिलं नाही तर भत्ता देणं लागतं. भरतीच्या इंग्रजीत मजूर कर्ता असलेलं सरकारी क्रियापद मला एवढं एकच माहीत आहे. प्रत्यक्षात किती जणांना मागून मिळालं, तो वेगळा धागा काढा.

आणि एक, 'व्हॉलंटियर'. इंग्रजीत मुळात हा लष्करी शब्द, आपण होऊन लढायला आलेला. उर्दूत त्याला रझाकार, आणि हैदराबाद संस्थानात निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांचं हेच नाव. मराठवाड्यात हा अर्थ सांगायला गेलं तर घरातली जुनी माणसं उठून जातील. १९४८ च्या आधीची दोन वर्षं त्यांच्या तोंडून ऐकली असतील तर कळेल. शब्दकोशात 'स्वयंसेवक' एवढंच दिलेलं असतं.

मांजरेचं_पाणी

आमच्या आजीसमोर हा शब्द निघाला की ती आधी दाराची कडी बघायची.

बालाघाटची_लेखणी

सगळ्यांचं वाचून मी हे वाक्य केलंय, बघा : 'वुई टुक ॲन उचल फ्रॉम द मुकादम अराउंड पोळा, अँड फ्रॉम देन ऑन अवर कोयता वॉज बाउंड टु हिम.' उचल, मुकादम, कोयता तिन्ही तसेच ठेवलेत, पहिल्यांदा येतील तिथं समजावून. क्रियापद 'टुक', म्हणजे कर्ता बाईच राहिल्या. संपादकांना 'बाउंड' खटकणार असं वाटतंय.

वकील_लातूर

मलाही खटकतं, पण वेगळ्या कारणानं. बाउंड ठीक आहे, पण पुढच्या फेरीत कुणीतरी त्याचं 'बॉन्डेड' करणार, आणि ते करू देऊ नका. बॉन्डेड लेबर हा १९७६ च्या कायद्यातला शब्द आहे. आगाऊ रकमेच्या बदल्यात दुसरीकडं काम करायचं, कुठं जायचं-यायचं स्वातंत्र्य गेलं, किंवा किमान वेतनाखाली राबावं लागलं, तर तो कायदा लागतो आणि ठेवणारा गुन्हेगार ठरतो. बंधुआ मुक्ती मोर्चा निकालात कोर्टानं असंही म्हटलं की सक्तीची मजुरी दिसली तर ती आगाऊ रकमेपोटीच आहे असं गृहीत धरता येईल. तेव्हा मुलाखतीत तसं घडलेलं असेल तर खुशाल लिहा, पण ते घडलेलं दाखवून लिहा. टोळी सोडून निघालेल्या माणसाला अडवलं का? उचल अंगावर राहिली म्हणून पुढच्या हंगामाला सक्तीनं नेलं का? खाडा (गैरहजेरीची कपात) किती कापला? हे वाक्यात येऊ द्या. नुसत्या विशेषणानं दोन्हीकडून नुकसान होतं : मुकादम नोटीस पाठवतो आणि बाईंना गावात राहणं अवघड होतं.

बालाघाटची_लेखणी

काही मुलाखतींत तसं आहे, सगळ्यांत नाही. एका जोडप्याची उचल हंगामात फिटली नाही. बाई बाळंतपणाच्या आधीपर्यंत मोळ्या डोक्यावर वाहत होती, मधले दिवस खाड्यात गेले, आणि उरलेली रक्कम पुढच्या वर्षावर चढली. दुसऱ्या हंगामाला ती दोघं गेली तेव्हा नवी उचल जवळपास नव्हतीच, जुनीच फेडायची होती. तिथं 'हायर्ड फॉर अ सेकंड सीझन' असं इंग्रजीत आलं होतं. ते मी आजच काढलं. आता तिथं आहे, 'वेंट बॅक टु वर्क ऑफ व्हॉट दे स्टिल ओड'. हायरही नाही, रिक्रूटही नाही.

ज्यांची उचल फिटली आणि हातात काही उरलं, त्यांच्यासाठी 'टुक ॲन उचल अँड जॉइन्ड हिज गँग' ठेवलंय. बाउंड फक्त वरच्यासारख्यांना.

जुने_मास्तर

असंच करा. एकच क्रियापद सगळ्या मुलाखतींवर फिरवायची संपादकांची हौस आहे, ती मोडा. त्याला ते 'कन्सिस्टन्सी' म्हणतात. 'कोयता'ला मात्र अनेकवचनी 'एस' लावू नका, 'कोयताज' वाचवत नाही.

रंगरूट_अंबड

ताई, एक राहिलं. हंगामाच्या मधेच दुसरा मुकादम जास्त पैसे दाखवून टोळी घेऊन जातो, त्याला आमच्याकडं 'टोळी फोडली' म्हणतात. त्याला काय?

नांदेड_ते_लीड्स

'पोच्ड द गँग'. दुसऱ्याच्या रानातली शिकार चोरणं, त्यावरून. कंपन्याही एकमेकांची माणसं पोच करतात, फक्त तिथं मधल्या माणसाला हेडहंटर म्हणतात आणि तो सूट घालून येतो.

वाळूज_बी_शिफ्ट

आणि पहिल्या मुकादमाची उचल कोण फेडतं?

बालाघाटची_लेखणी

नवा मुकादम फेडतो आणि टोळीच्या नावावर मांडतो. ते वाक्य उद्या टाकते, तिथं पुन्हा अडलेय.